चित्र त्यांचं, ओळ आपली

कुंचला

सोमवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या घरी 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकातलं बिनओळीचं व्यंगचित्र टेबलावर येतं. नवरा, कॉलेजातला मुलगा आणि मी, तिघं त्याच्याभोवती बसतो. न्यू जर्सीत एडिसनला राहायला आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, हे चालू आहे. पहिल्या तीन ओळींत आमची ओळ अजून आलेली नाही, तरी सोमवार चुकत नाही. एवढं काय आहे त्या खेळात, हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगते. दर आठवड्याला एक चित्र छापलं जातं, त्याखाली ओळ नसते. ती वाचकांनी पाठवायची, २५० अक्षरांच्या आत. आलेल्या ओळींतून तीन निवडल्या जातात, त्यांवर वाचक मत देतात आणि त्यातली एक जिंकते. १९९८ च्या व्यंगचित्र विशेषांकात हे पहिल्यांदा झालं. मग काही वर्षं वर्षातून एकदा व्हायचं आणि एप्रिल २००५ पासून दर आठवड्याला. तेव्हा बॉब मॅन्कॉफ व्यंगचित्रांचे संपादक होते, २०१७ पासून एमा अ‍ॅलन आहेत.

माझ्या मते या खेळाचं मूळ त्या साप्ताहिकाच्या घडणीतच आहे. हॅरल्ड रॉस यांनी ते फेब्रुवारी १९२५ मध्ये सुरू केलं. त्याआधी लंडनच्या 'पंच'सारख्या नियतकालिकांत चित्राखाली एक छोटा नाट्यप्रवेशच असायचा. प्रसंग कुठला, तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, सगळं लिहिलेलं. चित्र हाताने झाकलं तरी विनोद समजायचा. 'न्यूयॉर्कर'मध्ये खालचा मजकूर हळूहळू आटत गेला आणि एका पात्राच्या तोंडचं एकच वाक्य उरलं. ते वाक्य नुसतं वाचलं तर अर्थ लागत नाही आणि चित्र नुसतं पाहिलं तरी लागत नाही. दोन्ही एकमेकांना भिडतात तेव्हाच हसू येतं.

आणि चित्र एकाचं, ओळ दुसऱ्याची ही गोष्ट तिथे पहिल्यापासून होती. १९२८ मधलं कार्ल रोझ यांचं चित्र घ्या. जेवणाच्या टेबलावर आई आणि लहान मुलगी. "ब्रोकोली आहे गं ती." "मी म्हणते पालक आहे, आणि मसणात गेला तो पालक." चित्र रोझ यांचं, पण शब्द ई. बी. व्हाइट यांचे. हेलन हॉकिन्सन यांच्या गुबगुबीत क्लबवाल्या बायकांच्या चित्रांना १९३१ पासून जेम्स रीड पार्कर ओळी लिहून देत. जॉर्ज प्राइस तर जवळपास सगळ्याच कल्पना दुसऱ्यांच्या घेत आणि चित्र असं काढत की ती कल्पना दुसऱ्या कुणाची असेल असं वाटूच नये. म्हणजे वाचकांकडून ओळी मागवणं ही काही साप्ताहिकाचा खप वाढवायला नंतर काढलेली युक्ती नाही. तिथे आत बसून जे काम चालायचं त्याचं दार बाहेरच्यांना उघडं केलं, इतकंच.

मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. एरवी व्यंगचित्र मी दोन सेकंद बघायचे. डोळा आधी ओळीवर जायचा, मग चित्रावर, मग पान उलटलं. ओळच नसते तेव्हा चित्र वाचावं लागतं. तोंड कुणाचं उघडं आहे? कोण कुणाकडे बघतंय? विचित्र गोष्ट कोणती, आणि तिच्याकडे अगदी नेहमीचीच असल्यासारखं कोण बघतंय? हे प्रश्न मी आता लहानपणीच्या दिवाळी अंकांनाही विचारते. बाबांनी जपलेले गठ्ठे गेल्या वर्षी सोलापूरहून आणले, ते आत्ता कुठे खऱ्या अर्थाने बघतेय.

तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळता का? आणि मराठीत तो कसा रंगेल?

जुनाअंक

कुंचलाताई, धागा फार आवडला. मी सांगलीचा, जुने अंक जमवतो.

एक गोष्ट मला नेहमी जाणवते. आपल्याकडे या ओळीला स्वतःचं नावच नाही. मथळा म्हणावं तर तो वर असतो. वर्तमानपत्रात फोटोओळ म्हणतात, पण ती माहिती देते, बोलत नाही. सगळे सरळ कॅप्शन म्हणतात. तुम्ही 'ओळ' म्हणताय ते मला पटलं.

नाव न पडण्याचं एक कारण मला असं दिसतं की आपल्या सगळ्यात लाडक्या व्यंगचित्रकाराने ओळीविना राज्य केलं. शि. द. फडणीस. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा जन्म, २९ जुलै १९२५. त्यांचं 'मोहिनी' मासिकाचं ते मुखपृष्ठ आठवा. बसथांब्यावर उभ्या तरुणीच्या साडीवर उंदीर आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं. तिथे शब्द घातला तर चित्र मरेल. याच फडणीसांनी पाठ्यपुस्तकातल्या गणिताला चित्रं दिली, आणि आकड्यांना भिणारी मुलं पुस्तक उघडायला लागली. मी त्यातलाच एक. दुसरीकडे वसंत सरवटे. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने सदर लिहायचे, त्याला त्यांची चित्रं असायची. त्यांच्याकडे शब्द आणि रेघ यांचं सतत बोलणं चालू असतं.

आणि आर. के. लक्ष्मण. १९५१ पासून रोज एक चौकट, खाली एक ओळ, पण कॉमन मॅन त्यात कधीही बोलला नाही. बोलतात ते मंत्री, कारकून, शेजारी, कॉमन मॅनची बायको. तो फक्त तिथे असतो. तुम्ही विचारलंत ना, तोंड कुणाचं उघडं आहे? लक्ष्मण यांच्या चित्रात त्याच्याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा असतो. तोंड कुणाचं बंद आहे?

सरळरेघ

लेख चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे. धागा वाचून मी त्या साप्ताहिकाची पंधरा-वीस चित्रं पाहिली. बार, कोचावर आडवा पडलेला माणूस आणि शेजारी वही घेऊन बसलेला मानसोपचारतज्ज्ञ, निर्जन बेटावर एक माड आणि दोन माणसं, स्वर्गाच्या दारावरचा दाढीवाला. पुन्हा पुन्हा तेच. हसू फारसं आलं नाही. ते एका शहरातल्या एका वर्गाचं आपसातलं बोलणं आहे. त्यात आपण सोलापूर-सांगलीच्या माणसांनी चार-चार वर्षं का घालवावीत?

कुंचला

सरळरेघ, प्रश्न रास्त आहे. ते बऱ्याच अंशी एका शहराचं बोलणं आहे हे मान्य. सुरुवातीला मलाही अर्धं कळत नसे.

पण ठरलेल्या जागांबद्दल थोडं वेगळं सांगते. निर्जन बेट किंवा कोच हे तमाशातल्या गण-गौळणीसारखं आहे. बघणाऱ्याला जागा ओळखीची असते, ती समजावण्यात वेळ जात नाही, आणि मग नवं काय घडलं तेवढंच बघायचं उरतं. आपल्याकडेही हे आहेच. यम आणि रेडा, चित्रगुप्ताची वही, झाडाखालचा साधू. लाटणं घेतलेली बायको पण होती, ती आता गेली ते बरं झालं.

आणि कधीकधी जागा आधी येते, विनोद मागून. जेम्स थर्बर यांचं १९३२ मधलं सीलचं चित्र मला यासाठी फार आवडतं. त्यांना खडकावर बसलेला सील काढायचा होता. खडक काढता काढता तो पलंगाच्या डोक्याकडच्या फळीसारखा दिसायला लागला. मग त्यांनी पलंगच पुरा केला, त्यात नवरा-बायको झोपवले, आणि सील वर फळीमागे तसाच राहिला. बायको चिडून म्हणते: "ऑल राइट, हॅव इट युअर वे, यू हर्ड अ सील बार्क!" रेघ चुकली म्हणून ते वाक्य जन्माला आलं.

आता हेच मराठीत आणून बघा. "बरं बाबा, तुझंच खरं! ऐकलंस तू सील भुंकताना!" की "बरं बाई, तुमचंच खरं! ऐकलंत तुम्ही!"? इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम झालं. मराठीत ती त्याला अरे म्हणते की अहो, हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. 'अहो' घेतलं की तेच वैतागलेलं वाक्य वेगळ्या घरातलं होतं. रात्रीच्या दोन वाजताही मान राखून वैतागणारी बायको, हा स्वतःचाच एक विनोद आहे. जी गोष्ट इंग्रजीला सांगायला दुसरं वाक्य लागेल, ती आपल्या एका प्रत्ययात बसते. म्हणून मला हा खेळ मराठीत हवाय.

शाईडाग

आता मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पुण्यात चित्रं काढतो, बावीस वर्षं दिवाळी अंकांना व्यंगचित्रं देतोय. अंक ऑक्टोबरात दिसतो, पण आमची दिवाळी उन्हाळ्यात सुरू होते. रफ मे-जूनमध्ये जातात, पक्की चित्रं ऑगस्टपर्यंत. 'न्यूयॉर्कर'मध्ये चित्रकार दर आठवड्याला आठ-दहा रफचा एक गठ्ठा देतात आणि त्यातलं एखादं घेतलं जातं. बहुतेक आठवडे एकही नाही. हे वाचून मला धीर येतो, कारण नाकारणं हा या कामाचा मोठा भाग आहे आणि तो कुणी दाखवत नाही.

ओळीबद्दल माझा एक जुना सल आहे. नाव घेत नाही, पण एका दिवाळी अंकात माझं चित्र आलं. घर पाण्यात बुडालंय, माणूस कपाटावर बसून पेपर वाचतोय आणि बायकोला काहीतरी सांगतोय. छापून हातात आलं तेव्हा ओळीच्या आधी 'बंडोपंत (रागाने)' आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. मी त्याचा चेहरा शांत काढला होता. भुवई सरळ, खांदे सैल. तो शांत होता म्हणूनच ते चित्र हसवणारं होतं. ओळीतलं एक चिन्हसुद्धा चित्रातली रेघ असते. ती बाहेरून कुणी ओढली तर चेहरा बदलतो.

म्हणून वाचकांना ओळ लिहायला देणं मला आधी धोक्याचं वाटायचं. पण कुंचलाताई म्हणतात तसं, त्या खेळात वाचक चित्राकडे मुकाट्याने, लक्ष देऊन बघतो. माझ्या संपादकांनी तेवढं बघितलं असतं तर मला आनंदच झाला असता.

तेव्हा एक प्रयोग करू. मी चित्र वर्णन करतो, रफ रात्री टाकतो.

डॉक्टरांच्या दवाखान्याची बाहेरची खोली. बाकावर ओळीने पेशंट. एक बाई मांडीवर मूल घेऊन, एक तरुण गळ्यात पट्टा घातलेला, एक आजोबा काठी टेकून. आजोबांच्या शेजारी यम बसलाय. मुकुट, गदा, गुडघे जवळ घेतलेले, हातात नंबराचं टोकन. पायाशी रेडा बसलाय, शिंगांमुळे भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं झालंय. कुणीही घाबरलेलं नाही. तोंड उघडं आहे ते आजोबांचं, आणि ते यमाकडे वळून बोलतायत. चेहरा अगत्याचा.

लिहा ओळी. एक अट: आजोबाच बोलणार.

गुंतागुंत

वा, मजा येणार. माझी साधी ओळ: "नंबर कितवा तुमचा?"

कुंचला

आमच्या घरातून: "तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही."

कोकणमास्तरीण

अगं, मी अगदी हेच लिहायला आले होते! माझ्या वहीत "आधी तुम्ही जा, मला घाई नाही" असं लिहिलंय.

सरळरेघ

मी विरोध नोंदवून थांबणार होतो, पण चित्र डोक्यातून जाईना. "इथले डॉक्टर फार चांगले आहेत. तुमची फेरी फुकट जाणार."

गुंतागुंत

कुंचलाताई आणि कोकणमास्तरीण यांच्यात जे झालं ते या खेळातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. मी बंगळुरूत यंत्रांना भाषा शिकवण्याचं काम करतो, त्यामुळे या स्पर्धेकडे दुसऱ्या बाजूने आलो.

मॅन्कॉफ यांच्या काळात आठवड्याला पाच हजारांच्या आसपास ओळी यायच्या. एक सहायक त्या सगळ्या वाचायचा आणि थोड्या वर पाठवायचा. पाच हजार माणसं एकाच चित्राकडे बघतात तेव्हा शेकडो जणांना तोच विनोद सुचतो. एकमेकांना न भेटता. तेव्हा कल्पना कुणाची हा प्रश्न मागे पडतो आणि कुणी नेमके शब्द धरले हे पुढे येतं. एकाच विनोदाच्या दोनशे आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला मिळणं, हे भाषेच्या माणसाला दुसरीकडे कुठे मिळणार?

२०१६ पासून वाचकच सगळ्या ओळींना गुण देतात. समोर एकेक ओळ येते आणि तीन बटणं असतात. हसू आलं नाही, थोडं आलं, आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी ही पद्धत बसवली. तिच्यातली युक्ती सांगतो. पाच हजार ओळी सगळ्यांना सारख्याच वेळा दाखवल्या तर बहुतेक मतं पडेल ओळींवर खर्च होतात. म्हणून ज्या ओळीला सुरुवातीला बरे गुण पडतात ती जास्त लोकांपुढे जाते, जी पडते ती मागे सरते, आणि मधूनच एखादी मागची ओळ पुन्हा वर आणून तपासली जाते. घोळक्यात एखादा गोष्ट सांगायला लागला की लोक त्याच्याकडे सरकतात ना, तसंच काहीसं.

या साठ्यावर यंत्रांची परीक्षाही झाली. २०२३ मध्ये टोरांटोच्या भाषासंगणन परिषदेत जॅक हेसल आणि सहकाऱ्यांच्या निबंधाला सर्वोत्तमचा मान मिळाला. त्यात तीन कामं होती. पाच ओळींतून या चित्राची ओळ कुठली ते ओळखा, दोनांतली सरस ओळ निवडा, आणि ती का हसवते ते समजावून सांगा. पहिल्या कामात त्या वेळच्या सर्वात चांगल्या यंत्रणा माणसांच्या सुमारे ३० गुण मागे होत्या. ओळ आणि चित्र जुळवायला माणसाला क्षणभर लागतो. त्या क्षणात त्याने दवाखाना, रांग, शिष्टाचार आणि मृत्यू हे सगळं एकदम आठवलेलं असतं. ते एकदम आठवणं फार अवघड आहे.

जुनाअंक

काल रात्री लिहिलेलं पाठवायचं राहिलं. माझी ओळ:

"तुम्ही व्हा पुढे. मी आहे अजून."

कुंचला

जुनाअंक!! मी ही ओळ मोठ्याने वाचली आणि नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला.

शाईडाग

ही ओळ मी लिहायला हवी होती. थोडं थांबून तिच्याकडे बघू या, कारण सगळा खेळ यात आहे.

'मला काही घाई नाही' यात विनोद एकदाच आहे. आजोबांना मरायची घाई नाही, कळलं, संपलं. 'मी आहे अजून' हे रांगेतलं अगदी रोजचं वाक्य आहे. बँकेत, रेशनच्या दुकानात, शेजारच्याला आपण हेच म्हणतो, मी आहे अजून, म्हणजे मी इथेच थांबलोय. आणि तेच वाक्य यमाला म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ आपोआप उभा राहतो. एक शब्द बदललेला नाही. आजोबांना दुसरा अर्थ अभिप्रेत आहे की नाही हेही कळत नाही, आणि ते कळू नये.

दुसरं, शब्दांचा क्रम. इंग्रजी ओळीत नेमका शब्द शेवटी ठेवणं सोपं असतं. मराठीत शेवटी क्रियापद येऊन बसतं आणि बहुतेक वेळा ते निरुपयोगी असतं, आहे, होतं, नाही. 'मी अजून आहे' म्हणून बघा. ती घोषणा वाटते, आजोबा यमाला आव्हान देतायत असं वाटतं. 'मी आहे अजून' म्हटलं की क्रियापद मधे जातं, वाक्य बोलण्यातलं होतं, आणि कान 'अजून'वर थांबतो. आपली बोली ही सूट देते. लेखी मराठी लिहिता लिहिता आपण ती वापरायला विसरतो.

सरळरेघ

माझ्या ओळीत काय चुकलं ते आता कळलं. "इथले डॉक्टर चांगले आहेत" हे मी वाचकाला समजावतोय. आजोबा यमाला सांगत नाहीयेत.

एक शंका. आजोबा यमाला अहो-जाहो करतील? ऐंशीचे आहेत. मला वाटलं, "तू हो पुढे, मी आहे अजून" जास्त घरगुती वाटेल.

जुनाअंक

मीही आधी 'तू' लिहून पाहिलं होतं. पण 'तू' म्हटलं की आजोबा यमाला ओळखतात असं होतं. मग त्यांच्यात काही पूर्वीचं नातं आलं, दोन हात झालेले असणार असं वाटतं. ती वेगळी गोष्ट झाली, तीही चांगली आहे. या चित्रात शाईडाग यांनी चेहरा अगत्याचा सांगितलाय. दवाखान्यातल्या अनोळखी माणसाला जागा करून देणारं अगत्य. तिथे 'तुम्ही'च. गेल्या वर्षी वडिलांबरोबर अशाच एका बाकावर मी महिनाभर बसत होतो. सगळे सगळ्यांना तुम्ही व्हा पुढे म्हणतात. कुणालाच आत जायचं नसतं.

कुंचला

जुनाअंक, शेवटचं वाक्य वाचून थांबले. आता काका कसे आहेत?

जुनाअंक

बरे आहेत. घरी आहेत. त्यांनाच ओळ वाचून दाखवली आधी. "अजून" वर टाळी दिली त्यांनी, म्हणून तर पाठवली.

कुंचला

यावरून रॉजर ईबर्ट आठवले. शिकागोचे मोठे चित्रपट समीक्षक, १९७५ मध्ये पुलित्झर मिळालेले. दर आठवड्याला या स्पर्धेला ओळ पाठवायचे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ पासून त्यांना बोलता येत नव्हतं. १०७ ओळी पाठवल्यावर २०११ मध्ये ते जिंकले. जिंकलेल्या ओळीचा अर्थ असा, 'मनात आलेला शब्द मी उच्चारणार नाही.' आवाज गेलेल्या माणसाने दर आठवड्याला दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या तोंडात वाक्य घालायचं, हे मला त्यांच्या सगळ्या लेखनाइतकंच मोलाचं वाटतं. आमचे १०७ अजून व्हायचेत.

एक मात्र नोंदवते, सगळेच १०७ नंतर जिंकत नाहीत. शिकागोचेच एक वकील, लॉरेन्स वुड, इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळा जिंकलेत. त्यांच्या ओळी बघितल्या तर लांबी कमी आणि बोलणारा माणूस पक्का ठरलेला. ओळ वाचली की त्याची नोकरी, वय, मनःस्थिती दिसते.

शाईडाग

रफ टाकलाय. कॅलेंडरवर आधी महिना लिहिला होता, तो पुसला. डोळा तिकडे जात होता.

कोकणमास्तरीण

थोडा उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. शाईडाग यांचा रफ छापून आज सहावीच्या मराठीच्या तासाला नेला. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. यमाचं चित्र मुलांना दाखवावं की नाही याचा थोडा विचार केला, पण दशावतारात यम बघून हसणारी मुलं आहेत ही. एकतीस जण होते. आजोबा बोलतायत एवढंच सांगितलं आणि दहा मिनिटं दिली.

नऊ जणांनी 'घाई नाही'च्या जवळचं काहीतरी लिहिलं. गुंतागुंत, तुमचं म्हणणं वर्गातच पटलं. चौघांनी "रेडा बाहेर बांधा" लिहिलं. एका मुलीने "टोकन मला द्या, मी सांभाळतो" लिहिलं. टोकन आजोबांनी घेतलं की यमाचा नंबरच येणार नाही असं तिचं म्हणणं. ती ओळ मला फार आवडली.

एका मुलाने मात्र अट मोडली. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. तो म्हणाला, बाई, आजोबा कशाला बोलतील, जनावर दवाखान्यात आणलंय म्हणजे आजारी जनावरच असणार. त्याने रेड्याला बोलायला लावलं, शेजारच्या आजोबांना उद्देशून:

"बरं मला नाहीये. हे सोबत आलेत."

वर्गात कितीतरी वेळ हसणं थांबेना. मी ओळ फळ्यावर लिहिली, मग आम्ही सगळ्यांनी मिळून 'हे'वर बोललो. 'हे' कुणाला म्हणतात, का म्हणतात, रेडा यमाला 'हा' का म्हणत नाही. सर्वनामाचा धडा मी तीन वर्षं शिकवतेय, इतका कधी रंगला नव्हता.

सरळरेघ

ही ओळ जिंकली. माझं मत हिला. वर जे काही म्हणालो होतो ते माझ्यापुरतं मागे घेतो.

जुनाअंक

माझंही मत हिलाच. आम्ही सगळ्यांनी तोंडं बघितली, त्याने रेड्याकडे बघितलं.

शाईडाग

मास्तरीणबाई, त्याला सांगा की अट मोडली नाही, चित्रच चुकलं होतं. मी नवीन काढतोय. आजोबांचं तोंड मिटवलं, मान रेड्याकडे वळवली. यमाच्या हातातलं टोकन काढून रेड्याच्या शिंगात अडकवलं. रेड्याचं तोंड उघडं, पण थोडंसंच, आजारी जनावर मोठ्याने बोलणार नाही. एक विचारा त्याला: म्हशीला बरं नसलं की तिचे कान कसे असतात? माझे उभे आलेत, ते बरोबर वाटत नाहीत.

कोकणमास्तरीण

विचारलं. पडलेले असतात म्हणाला, आणि नाक कोरडं.